कंपनी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गेटवरच्या पाट्या सहसा कुणी नीट वाचत नाही. वर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात 'नोंदणीकृत कार्यालय' असं लिहून एक पत्ता. हा पत्ता कुणी हौसेनं लिहीत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीचा कारभार जिथं जिथं चालतो, त्या प्रत्येक जागेच्या दर्शनी भागावर नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावावाच लागतो, तोही त्या भागातल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीत. त्या बारीक अक्षरांत कधी सोलापूर असतं, कधी पुणे, कधी मुंबई. कामगार इथले, पाणी इथलं, माल इथून ट्रकमध्ये चढतो आणि पत्ता मात्र अडीचशे किंवा चारशे किलोमीटर लांबचा.

'अमुक कंपनीनं मुख्यालय हलवलं' अशी बातमी आली की चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत दोनच कारणं ऐकू येतात. एक, तिकडच्या सरकारनं पळवली. दोन, तिकडं टॅक्स कमी आहे. दोन्ही कारणं कधीकधी खरी असतात. बहुतेक वेळा मात्र खरं कारण कळायला सोपं आणि त्यावर उपाय करायला फार अवघड असतं. ते समजून घेणं सोलापूरच्या तर अगदी गरजेचं आहे, कारण आपल्याकडून उद्योगपती गेले, कार्यालयं गेली, शिकलेली मुलं गेली आणि दर वेळी आपण एकाच सुरात हळहळलो. नेमकं काय गेलं, ते सुटं करून कधी पाहिलं नाही.

एक कंपनी, तीन पत्ते

कंपनीचे निदान तीन पत्ते असू शकतात. पहिला नोंदणीकृत कार्यालयाचा. हा कागदोपत्री पत्ता. सरकारी नोटीस, कोर्टाचं समन्स, भागधारकांची पत्रं इथं येतात आणि कंपनी कुठल्या राज्याची हे यावरून ठरतं. दुसरा कॉर्पोरेट ऑफिसचा, म्हणजे एमडी, फायनान्सचा प्रमुख, मार्केटिंगवाले, मोठ्या खरेदीवर सही करणारे जिथं बसतात ती जागा. तिसरा कारखान्याचा. बोलताना आपण मुख्यालय म्हणतो ते या दुसऱ्या पत्त्याला. बातमीत पुष्कळदा बदललेला असतो पहिला आणि आरडाओरडा होतो तिसऱ्याच्या नावानं.

२०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार म्हणून महाराष्ट्रात रान उठलं. तो प्रश्न सर्वस्वी कारखान्याचा होता, मुख्यालयाशी त्याचा संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉननं त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, तो भाग वेगळा.

कोल्हापूरची रत्नाकर बँक १९४३ सालची. आज ती आरबीएल बँक म्हणून देशभर ओळखली जाते आणि तिचं कॉर्पोरेट ऑफिस मुंबईत लोअर परळला आहे, तरी नोंदणीकृत कार्यालय अजून कोल्हापुरात शाहूपुरीतच आहे. ब्रिटानियाचा कारभार बंगळुरूहून चालतो, नोंदणी कोलकात्याची आहे. किर्लोस्कर फेरसची एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आपल्या सोलापुरात आहे, मुख्यालय पुण्यात. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सची नोंदणीही सोलापूरची आणि कारखानेही सोलापूरचे. मग यातली कोण 'गेली' आणि कोण 'राहिली'? तीन पत्ते वेगळे केल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

कागदावरचा पत्ता ओळखायची एक सोपी खूण आहे. कंपनीच्या लेटरहेडवर किंवा बिलावर सीआयएन नावाचा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक छापलेला असतो. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात. त्यापुढची दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्रासाठी 'एमएच'. मग कंपनी स्थापन झाल्याचं साल. कंपनीनं राज्य बदललं की ही दोन अक्षरं बदलतात, स्थापनेचं साल मात्र तेच राहतं. जुन्या आणि नव्या बिलावरचा हा क्रमांक शेजारी ठेवला की कळतं, कागद हलला का.

आता हा कागद हलवायचा कसा? एकाच शहराच्या हद्दीत हलवायचा तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. सोलापूरहून पुण्याला न्यायचा तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे मतदानात तीन चतुर्थांश बाजूनं हवेत. राज्य बदलायचं असेल तर प्रकरण केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकाकडे जातं. कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांची यादी द्यावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या मुख्य सचिवांना अर्जाची प्रत पाठवावी लागते. संचालकांना प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं की या बदलामुळे एकाही कर्मचाऱ्याला कामावरून काढलं जाणार नाही. कंपनीवर चौकशी चालू असेल तर परवानगी मिळत नाही. सरकारनं ही तजवीज केली आहे ती कर्ज देणाऱ्यांपासून पळण्यासाठी कुणी पत्ता बदलू नये म्हणून. प्रामाणिक कंपनीला यातलं काहीच अडवत नाही, काही महिने जातात इतकंच.

पत्ता हलला, माणूस हलला नाही

कागदी पत्ता आणि खरं मुख्यालय यातला फरक सगळ्यांत स्पष्ट दिसला तो स्पेनमध्ये. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅटलोनिया प्रांतात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं. बार्सिलोना आणि आसपासच्या बँकांच्या ठेवीदारांना धडकी भरली. उद्या हा प्रांत खरोखर वेगळा झाला, तर आपली बँक युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या छत्राबाहेर जाईल आणि आपले पैसे अडकतील. काही दिवसांत काइशाबँकेनं नोंदणी वॅलेन्सियाला नेली, साबादेल बँकेनं आलिकांतेला. भागधारकांची सभा न घेता नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावावर पत्ता बदलता यावा, म्हणून स्पेन सरकारनं त्यासाठी हुकूमही काढला. हजारो कंपन्या त्या लाटेत गेल्या. बँकांचे कर्मचारी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत, त्याच टेबलावर कामाला आले. साबादेलनं २०२५ च्या जानेवारीत नोंदणी परत मूळ गावी आणायचं ठरवलं.

इथं पत्ता हलण्यामागं भीती होती. ठेवीदार, कर्ज देणारे, गुंतवणूकदार यांना ज्या जागेचा भरवसा वाटेनासा होतो, तिथून आधी कागद हलतो. भीती बरीच वर्षं टिकली तर मागोमाग माणसंही जातात. सन लाइफ या कॅनडातल्या विमा कंपनीनं १९७८ मध्ये मॉन्ट्रियल सोडून टोरांटो गाठलं, ते क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषेचा कायदा आल्यानंतर. आपल्या देशात कोलकात्याचं उदाहरण मोठं आहे. साठ-सत्तरच्या दशकात घेराव, संप, टाळेबंदी यांनी तिथले कारखानदार हैराण झाले आणि एकेक कंपनीचा कारभार मुंबई-दिल्लीकडे सरकला. ती गळती अजून थांबलेली नाही. संसदेत दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०११ ते मार्च २०२५ या काळात ६,६८८ कंपन्यांनी पश्चिम बंगालमधून नोंदणीकृत कार्यालय बाहेर नेलं आणि त्यातल्या सर्वाधिक, १,३०८, महाराष्ट्रात आल्या. यातल्या अनेकांचं खरं ऑफिस केव्हाच हललं असणार, कागद उशिरा हलला असणार, असं मला वाटतं. आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

खुर्ची कशी सरकते

आता मुद्द्याचं. खरं मुख्यालय म्हणजे निर्णय घेणारी थोडी माणसं. मोठ्या कंपनीतही ती काही शेकड्यांत असतात, आपल्याकडच्या मध्यम कंपनीत पाच-पंचवीस. ही माणसं कुठं राहायला तयार आहेत आणि त्यांना कुणाला वारंवार भेटावं लागतं, या दोन गोष्टींवर मुख्यालयाची जागा ठरते. बाकी सगळं त्यामागून येतं.

सोलापुरातला टॉवेलचा धंदा घ्या. पुढं सांगतोय ती कुठल्या एका कंपनीची हकिकत नाही, पण गावातल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. वडिलांनी पॉवरलूमवर सुरुवात केली, मग टेरी टॉवेलचे माग टाकले, मग निर्यात सुरू झाली. परदेशी खरेदीदार भारतात येतो तेव्हा मुंबईत दोन दिवस थांबतो. त्याच्या वतीनं माल पसंत करणारा एजंटही मुंबईत. नमुने घेऊन वडील रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जायचे, सकाळी उतरून भेटी उरकायचे आणि रात्री परत त्याच गाडीत बसायचे. हे त्यांनी वीस-पंचवीस वर्षं केलं. मुलगा पुण्यात शिकला. त्याचं लग्न झालं, सूनबाई हिंजवडीत आयटीत नोकरीला. त्यांनी बाणेरला फ्लॅट घेतला, 'सध्यापुरता'. मुलगा सोमवारी सोलापूरला येतो, गुरुवारी जातो. पुण्यातून खरेदीदारांशी बोलणं सोपं पडतं म्हणून तिथं एक छोटी खोली भाड्यानं घेतली, एक टेबल, एक मर्चंडायझर मुलगी. मग बँकेनं कर्ज वाढवताना सांगितलं की हिशेबाला एखादा तयार माणूस ठेवा. असा माणूस पुण्यात मिळाला, सोलापूरला यायला तयार होईना, कारण त्याच्या बायकोची नोकरी आणि मुलाची शाळा पुण्यात. मग तो तिथंच बसू लागला. त्याच्या हाताखाली दोघं आले. सुताच्या मोठ्या खरेदीवर सही त्याची लागते, म्हणून सूत विकणारेही आता पुण्याला जातात. संचालकांची बैठक आता सगळ्यांच्या सोयीनं बाणेरला. दिवाळीच्या ग्रीटिंगवर पहिल्यांदाच छापलं गेलं, 'कॉर्पोरेट ऑफिस: पुणे'.

यात मुख्यालय कोणत्या दिवशी हललं? तसा दिवसच नाही. कुणी निर्णय घेतला नाही, कुणी सवलत दिली नाही, सोलापूरवर कुणी राग धरला नाही. सूनबाईंची नोकरी, हिशेबनिसाची मुलं आणि खरेदीदाराचे दोन दिवस, या तीन गोष्टींनी खुर्ची सरकत सरकत गेली. मुख्यालयाच्या स्थलांतरावर बोलताना जमीन, वीज, टॅक्स यावर तास जातो आणि जोडीदाराच्या नोकरीवर एक वाक्य खर्च होत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण तेच आहे. कारखान्याला जमीन लागते, मुख्यालयाला शाळा लागते.

हे फक्त आजचं नाही. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांचा धंदा सुरू केला आणि पहिली कामं आपल्याच मुलखात, बार्शी लाइट रेल्वेवर केली. पुढं त्यांचा सगळा व्याप मुंबईहून चालला. १९१९ ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी सोलापुरात निघूच शकली नसती. तिला बंदर हवं, मोठं भांडवल हवं, सरकार दरबारी रोज जाता यायला हवं. त्यांच्या बाबतीत 'सोलापूरनं त्यांना गमावलं' असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण धंद्याला जे लागत होतं ते मुंबईतच होतं.

उलट प्रकारही सोलापूरनं भरपूर पाहिला, पत्ता पहिल्यापासूनच दुसरीकडचा असण्याचा. बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी १८९५ मध्ये थेट लंडनची. कुर्डुवाडी-बार्शी रूळ इथं, भागधारक तिकडं, ते १९५४ मध्ये भारत सरकारनं ती विकत घेईपर्यंत. १८७७ मध्ये सुरू झालेली आपली जुनी मिल उभारली ती मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी आणि तिचे मॅनेजिंग एजंट, म्हणजे तिचा कारभार चालवणारे, मुंबईचेच. धूर सोलापुरात निघायचा, निर्णय मुंबईत व्हायचा.

जवळ असावं की लांब?

काही कंपन्या मात्र विचारपूर्वक, ठरवून मुख्यालय कारखान्यापासून लांब नेतात. बोइंगची गोष्ट यासाठी थोडी सविस्तर सांगायला हवी.

विमानं बनवणारी ही कंपनी सिअ‍ॅटलची. १९९७ मध्ये तिनं मॅक्डॉनल डग्लस ही दुसरी कंपनी विकत घेतली आणि धंदा प्रवासी विमानांपलीकडे संरक्षण, अवकाश असा पसरला. २००१ मध्ये प्रमुख फिल कॉन्डिट यांनी मुख्यालय शिकागोला न्यायचं जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं, की मुख्य कारखान्याच्या शेजारी बसलं की वरची मंडळी रोजच्या कारखानदारीत गुंतून पडतात, लांब बसलं की सगळ्या विभागांकडे सारख्या नजरेनं बघता येतं. शिकागो शहर आणि इलिनॉय राज्यानं मिळून सहा कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या. आणि हलली किती माणसं? सुमारे पाचशे. विमानं बनवणारे हजारो कामगार आणि इंजिनिअर सिअ‍ॅटललाच राहिले.

पुढं २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं कोसळली, ३४६ माणसं गेली. चौकशांमध्ये तांत्रिक दोष पुढं आले, तसंच इंजिनिअरांचं म्हणणं वरपर्यंत पोचत नव्हतं अशी टीकाही झाली आणि अनेक जाणकारांनी त्याचा धागा २००१ च्या त्या स्थलांतराशी जोडला. २०२२ मध्ये मुख्यालय पुन्हा हललं, वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दारात. २०२४ मध्ये आलेले नवे प्रमुख केली ऑर्टबर्ग यांनी मात्र स्वतः सिअ‍ॅटलला राहायचं ठरवलं. मुख्यालय कागदोपत्री एकीकडे आणि प्रमुख माणूस कारखान्याजवळ. अपघाताला केवळ पत्ता जबाबदार धरणं अन्यायाचं होईल. तरी मागावर सूत का तुटतंय हे पाहायला मालक किती वेळात खाली येऊ शकतो, याला किंमत असते. आपल्या मागवाल्यांना ते सांगायला नको.

टॅक्सचं खरं-खोटं

अमेरिकेतून टेक्सासला गेलेल्या कंपन्यांची यादी मोठी आहे. टेस्ला २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातून ऑस्टिनला गेली, त्याआधी वर्षभर ओरॅकल तिथं गेली होती. शेव्हरॉननं २०२४ मध्ये ह्यूस्टनला जायचं जाहीर केलं. टेक्सासात राज्याचा वैयक्तिक आयकर शून्य, कॅलिफोर्नियात वरच्या टप्प्याला १३.३ टक्के. कंपनीवरचा करही कॅलिफोर्नियात ८.८४ टक्के आहे, पण तो मुख्यालय कुठं आहे यावर ठरत नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात माल किती विकता यावर ठरतो. म्हणून मुख्यालय हलवल्यानं कंपनीचा तो कर फारसा वाचत नाही. वाचतो तो वरच्या अधिकाऱ्यांचा स्वतःच्या पगारावरचा. घरंही स्वस्त मिळतात, त्यामुळे इतर कर्मचारीही राजी होतात.

भारतात हे गणित लागूच पडत नाही. आयकर केंद्राचा. कंपनी सोलापूरची असो, सुरतेची असो की गुवाहाटीची, सवलती सोडून दिल्या तर मिळणारा २२ टक्क्यांचा दर सगळीकडे तोच. राज्यं लावतात त्या व्यवसाय कराला राज्यघटनेनंच माणशी वर्षाला २,५०० रुपये अशी मर्यादा घातली आहे. जीएसटी माल जिथं वापरला जातो त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे खरी, तिच्यात तालुक्यानुसार सवलती कमी-जास्त होतात, पण त्या मिळतात कारखान्यात घातलेल्या भांडवलावर. मुख्यालयासाठी काही नाही. म्हणजे आपल्या देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मुख्यालय नेण्यामागं टॅक्स हे कारण क्वचितच असू शकतं.

यातून आणखी एक गैरसमज सुटतो. 'एकटी मुंबई देशाला इतका आयकर देते' हे आपण अभिमानानं सांगतो. कंपनी आयकर भरते ती मुख्यालयाच्या गावी. सोलापुरातल्या कारखान्यात झालेल्या नफ्यावरचा कर पुण्या-मुंबईच्या आकड्यात जमा दिसतो. आणि तो पैसा राज्याला जसाच्या तसा परत मिळतही नाही. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना देण्याची शिफारस पंधराव्या वित्त आयोगानं केली आणि त्याची वाटणी लोकसंख्या, उत्पन्नातली तफावत अशा सूत्रांनी होते. कुठल्या राज्यातून किती गोळा झाला, हे त्यात धरलं जात नाही.

इमारत बांधली, बाजार आला नाही

सुरतेची गोष्ट ताजी आहे. हिऱ्यांना पैलू पाडायचं काम सुरतेत, विक्रीचा बाजार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. हा बाजारही सुरतेला आणावा म्हणून तिथं चार हजारांहून अधिक कार्यालयांचं प्रचंड डायमंड बोर्स उभं राहिलं आणि १७ डिसेंबर २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. किरण जेम्स या मोठ्या कंपनीनं मुंबईतला सगळा कारभार तिकडं हलवला. महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, उद्योग पळवला म्हणून. काही महिन्यांतच ती कंपनी मुंबईला परतली.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हिऱ्यांचा खरेदीदार एका दुकानासाठी येत नाही. एका फेरीत दहा-वीस व्यापाऱ्यांकडे माल बघायचा असतो. परदेशातून थेट विमान हवं, कस्टम्सची सोय हवी, ओळखीची बँक, ओळखीचा दलाल जवळ हवा. इतर व्यापारी आल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही आणि गिऱ्हाईक आल्याशिवाय इतर व्यापारी येत नाहीत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबतात. ही कोंडी नुसत्या इमारतीनं फुटत नाही, मग ती कितीही भव्य असो. आपण 'आयटी पार्क बांधा, कंपन्या येतील' असं म्हणतो, तेव्हा सुरतेकडे एकदा नजर टाकावी.

जागेनं बोलावलं आणि कंपनी गेली, असंही होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवणं भाग पडलं, कारण नगरपालिकेला ती जागा हवी होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरान दिलं, कर्ज दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. एका गावानं बाहेर काढलं, दुसऱ्यानं घरात घेतलं. पुढं तोच उद्योग मोठा झाल्यावर कारभार पुण्याकडे गेला. त्याला कुणी ढकललं नव्हतं.

आणि काही मुख्यालयं हलत नाहीत, विरघळतात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. शाखा राहिल्या, एटीएम राहिली, पाट्या बदलल्या. साताऱ्यात आणि सांगलीत एका बँकेचा अध्यक्ष बसत होता, तो बसायचा बंद झाला. स्थलांतराच्या कुठल्याही यादीत ही नावं सापडणार नाहीत. पश्चिम महाराष्ट्राच्या मधल्या शहरांनी गमावलेल्या मुख्यालयांत मला ही दोन सगळ्यांत महागडी वाटतात.

गावाचं काय जातं

पाच-पंचवीस माणसं गेली तर गावाला असा काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे. कारखाना तर चालूच असतो.

फरक हळूहळू कळतो. ऑडिट आधी नवी पेठेतल्या सीएकडे असायचं, ते पुण्याच्या फर्मकडे जातं. वकील बदलतो. वार्षिक अहवाल, कॅटलॉग, पॅकिंगचं डिझाइन इथल्या प्रेसच्या हातून जातं. कंपनीचं मोठं खातं बँकेच्या इथल्या शाखेतून उठतं, मग त्या शाखेत वरच्या हुद्द्याचा अधिकारी ठेवायची गरज बँकेला उरत नाही आणि उरलेल्या लहान उद्योजकांची कर्जाची फाइल मंजुरीसाठी बाहेरगावी जायला लागते. कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की सामाजिक कामावरचा खर्च करताना कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. कारखान्याचं गावही त्यात येतं आणि मुख्यालयाचं शहरही. पण पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन बसता येणं वेगळं आणि ईमेल करून उत्तराची वाट बघणं वेगळं. वाचनालय, नाट्यसंस्था, दवाखाना चालवणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे.

मला जास्त टोचतं ते याच्याही पुढचं. एमडीच्या केबिनबाहेर बसणारा सहायक, निर्यातीचे कागद करणारी मुलगी, खरेदीदाराशी फोनवर बोलणारा मर्चंडायझर, हे सगळे धंदा कसा चालतो ते रोज बघत असतात. भाव कसा ठरतो, बँकेला काय सांगायचं, ऑर्डर रद्द झाली तर काय करायचं. यांच्यातलेच दोघं-तिघं दहा वर्षांनी स्वतःची कंपनी काढतात. मशीनवर काम करणाऱ्याला मशीन कळतं, आणि ते ज्ञान मोठं आहे, पण गिऱ्हाईक कळायची संधी त्याला मिळत नाही. मुख्यालय गेलं की गावातल्या पोरांची ही शाळा बंद होते. मग पुढच्या पिढीतले मालक दुसऱ्या शहरात तयार होतात.

लहान शहरात राहून मोठ्या झालेल्या कंपन्या आहेतच. जैन इरिगेशन जळगावला आहे. वॉलमार्टचं मुख्यालय आर्कान्सासमधल्या बेंटनविल या छोट्या गावात आहे आणि तिला माल विकणाऱ्या कंपन्यांनीच तिथं आपापली ऑफिसं थाटली आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. संस्थापकाचं घर तिथंच होतं आणि कंपनी इतकी मोठी होईपर्यंत ते तिथंच राहिलं की पुढं बाहेरच्यांना तिच्या दारी यावं लागलं. सोलापुरात मधला टप्पाच सगळ्यांत धोक्याचा आहे. कंपनी शंभर-दोनशे कोटींवर गेली, बाहेरची तयार माणसं लागायला लागली आणि अजून बाहेरच्यांना सोलापूरला यायची गरज वाटत नाही, नेमकी त्या काळात खुर्ची सरकते.

त्या टप्प्यात प्रवासाच्या सोयींना वजन येतं आणि त्या दोन्ही बाजूंनी कापतात. २०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमानसेवा सुरू झाली. अंतर कमी झालं की सोलापूरचा मालक इथं राहून मुंबई सांभाळू शकतो. तसाच पुण्या-मुंबईचा मालक तिकडं राहून सोलापूरही सांभाळू शकतो. म्हणून सोय झाली एवढ्यावर न थांबता वेळापत्रक कुणाच्या बाजूचं आहे हे मी बघतो. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघते, साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोचते, दुपारी चारनंतर तिथून निघून रात्री पावणेअकराच्या आत परत येते. म्हणजे सोलापुरात राहणाऱ्याला मुंबईत साडेतीन तास मिळतात आणि झोपायला तो घरी असतो. मुंबईत राहणाऱ्याला तीच गाडी रात्री इथं आणून सोडते आणि पहाटे परत नेते, कारखाना बघायला मध्ये एक आख्खा दिवस मुक्काम करावा लागतो. पुढं नव्या गाड्या आणि नवी विमानं मागताना व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही दिशा धरून ठेवावी: सकाळी सोलापूरहून सुटणारी आणि रात्री सोलापुरात परतणारी.